जावक क्रमांक नसलेलं पत्र

जळगाव, शनिवार, १७ एप्रिल १९९९
(अक्षय्य तृतीयेचा, म्हणजे आपल्या आखाजीचा, आदला दिवस)

तीर्थस्वरूप निंबानाना,

पंडितचा दंडवत. आशीर्वाद द्यायला उठू नका, खाटेवर बसूनच द्या, गुडघ्याला त्रास नको. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याने अजून महिनाभर बारीक अक्षर वाचायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितल्याचं वहिनींकडून कळलं, म्हणून मी मुद्दाम अक्षर मोठं काढतो आहे. पत्र लांबलेलं दिसलं तर ते अक्षरामुळे लांबलं असं समजावं. वहिनींची ज्वारीची बिबडी वाळली असतील. इकडे उन्हाने माणसंही वाळायला आली आहेत. आमच्या घरी सगळे ठीक, फक्त मी ठीक नाही, आणि का नाही तेच सांगायला बसलो आहे.

पण आधी पाकिटाचं. चौतीस वर्षं टपाल खात्यात काढलेला माणूस पत्र हातात आलं की पहिल्यांदा शिक्का पाहतो, मग तारीख, मग तिकीट, आणि घरच्यांची खुशाली सगळ्यांत शेवटी. तेव्हा पाकिटावर शिक्का नाही, तिकीट नाही, आणि त्यातून आज (म्हणजे तुम्ही वाचाल त्या दिवशी) रविवार, हे पाहून तुमच्या कपाळाला आठी पडली असणार. ती पुसा. पत्र माणसाच्या हाती पाठवलं आहे. ते माणूस तुमच्या ओट्यावर बसलेलं आहे, वहिनी त्याला पाणी देतील. तुम्ही बाहेर यायची घाई करू नये. पत्र पूर्ण वाचावं, तुमचं उत्तर घेतल्याशिवाय ते जाणार नाही.

दुसरं म्हणजे, द्रौपदाविषयी मी या पत्रात एक अक्षर लिहिणार नाही. आपली धाकटी बहीण चाळीसगावच्या शाळेत शिकवत असताना तिने तिथल्याच, दुसऱ्या जातीच्या मास्तरांशी नोंदणी करून लग्न केलं त्याला आता एकवीस वर्षं झाली. त्या दिवशी तुम्ही ओट्यावर उभं राहून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलंत, "ह्या घरमाईन तिले एक बी कागद जावाव नही!" तेव्हापासून तुम्हाला लिहिलेल्या माझ्या एकाही पत्रात तिचं नाव आलेलं नाही. (आज आलं, पण ते येणार नाही एवढं सांगण्यापुरतं आलं. ते धरू नये.)

आता मूळ विषय. आमच्या केळी संघात संक्रांतीच्या सुमारास एक सर्व्हर आला. सर्व्हर म्हणजे सगळ्या नोंदी एका जागी सांभाळणारा मोठा संगणक. सावद्याला आज किती वॅगन भरल्या, निंभोऱ्याला किती, कुठल्या गावचा माल, दिल्लीला कधी पोचणार, हे सगळं त्याच्या पोटात असतं. त्याला उकाडा सोसत नाही म्हणून त्याच्या खोलीला गार हवेचं यंत्र बसवलं. संघाच्या स्थापनेपासून माणसांना उकाडा सोसत होता की नाही हे कोणी विचारलं नव्हतं, पण असो. त्या खोलीचा ताबा सुनंदाबाई तायडे यांच्याकडे आहे. वडील भुसावळला रेल्वेत फिटर होते, या स्वतः संगणकाचं शिकल्या. बोलतात कमी आणि जे बोलतात ते दुसऱ्यांदा सांगत नाहीत. हा त्यांचा गुण मला फार महागात पडला.

या सर्व्हरला पत्र पाठवता येतं. पूर्वी रोज संध्याकाळी मी दिल्ली, कानपूर, लखनौच्या अडत्यांना तारा करायचो, अमुक वॅगन निघाल्या, हमाल तयार ठेवा. (त्या काळी आपण दोघे एकाच धंद्यात होतो, मी तार लिहायचो आणि तुमचं खातं ती चुकवायचं.) आता संध्याकाळी सहाला सर्व्हर आपल्या पोटातल्या नोंदी पाहून स्वतःच बारा अडत्यांना ईमेल लिहितो, फोनच्या तारेवरून नाशिकला हाक मारतो आणि पत्रं सोडून देतो. कोणी हात लावायचा नाही. शिवाय कचेरीतल्या माणसालाही आपल्या टेबलावरून सर्व्हरला सांगता येतं की माझं एवढं पत्र पाठव. फक्त त्या माणसाच्या नावावर तशी परवानगी असावी लागते. ती कोणाला द्यायची यावर साहेबांनी दोन दिवस विचार केला आणि निकाल दिला की बाहेर जाणारं पत्र म्हणजे जावक, जावक म्हणजे पंडितभाऊ, तेव्हा परवानग्यांची यादी पंडितभाऊंनी ठेवावी आणि सुनंदाबाईंनी ती सर्व्हरला सांगावी. सत्तावीस वर्षं मी जावक सांभाळतो. माझ्या हातचा क्रमांक पडल्याशिवाय संघाचा कागद दाराबाहेर गेलेला नाही. मला तो निकाल अगदी योग्य वाटला.

सुनंदाबाईंनी मला खोलीत बसवून समजावलं. परवानगीच्या बाबतीत सर्व्हरला तीनच गोष्टी कळतात. एक, देणं. दोन, दिलेली काढून घेणं. तीन, मनाई करणं. काढून घेणं आणि मनाई करणं यांत फरक आहे, तो नीट ध्यानात ठेवा भाऊ, असं त्या म्हणाल्या. मनाई सगळ्यांच्या वर बसते. एखाद्याला एकीकडून परवानगी असली आणि दुसरीकडून मनाई असली, तर सर्व्हर मनाईचं ऐकतो. आणखी एक, सर्व्हरकडून गेलेल्या पत्रावर लिहिणाऱ्याचं नाव दिसत नाही, संघाचं दिसतं. मी सगळ्याला मान डोलावली. बाहेर दुपारचं ऊन होतं आणि आत गार वाटत होतं. त्या खोलीत माणूस कशालाही मान डोलावतो.

मी तीन नावं लिहिली. माझं, वॅगन भरण्याचं पाहणाऱ्या रुपचंदचं आणि लेखनिक मंजुळाबाईंचं. यादी साहेबांच्या सहीने भिंतीवर लावली आणि तिथेच चुकलं. नाना, तुम्हाला आठवतं, तुमच्या लग्नात टॉवेल-टोप्या वाटताना एका चुलत साडूंची टोपी राहून गेली होती. ते त्यानंतर वीस वर्षं आपल्याकडे जेवले, पण उघड्या डोक्याने जेवले. आमच्या कचेरीत त्या यादीचं तेच झालं. ईमेल कोणाला पाठवायचं, कशाला पाठवायचं, याच्याशी कोणाला काही घेणं नव्हतं. भिंतीवर रुपचंदचं नाव आहे आणि आपलं नाही, एवढंच लोकांना दिसत होतं. ज्यांनी जन्मात पोस्टकार्ड लिहिलं नाही ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचे, हवापाण्याचं बोलायचे, माझ्या तब्येतीचं विचारायचे आणि जाताना भिंतीकडे बघून उसासा टाकायचे. मला तोंडावर नाही म्हणता येत नाही, हा आपल्या वडिलांचा गुण माझ्यात उतरला आहे. (तुमच्यात दुसरा उतरला.) मी एकेक नाव वाढवत गेलो. पहारेकरी सुपडूआबांना लिहिता-वाचता येत नाही. तेही एक दिवस आले आणि म्हणाले, "बठ्ठासनं नाव शे, मनंच नही. मना काय गुन्हा शे, भाऊ?" सगळ्यांचं नाव आणि त्यांचंच नाही, हे खरंच होतं. टाकलं. होळी येईपर्यंत त्रेचाळीस माणसांत एकेचाळीस नावं झाली. उरलेल्या दोघांत एक बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या आणि दुसरे खुद्द साहेब. साहेबांनी मागितली नाही आणि न मागता साहेबांना काही देणं हा आगाऊपणा दिसतो. सुनंदाबाई प्रत्येक वेळी माझ्याकडे एकदा बघायच्या आणि नाव चढवायच्या.

मग रुपचंदच्या नातवाचं जावळ आलं. रुपचंदला वाटलं, संघातल्या सगळ्यांना एकदम कळवावं. त्याने झकास मजकूर लिहिला, मेहरूणच्या तळ्याकाठी भरीत-पुरीचा बेत आहे, सहकुटुंब येणे करावे, आणि सर्व्हरला सांगितलं, सर्वांना पाठव. सर्व्हरच्या दृष्टीने सर्व म्हणजे ज्यांना तो रोज पत्र लिहितो ते, म्हणजे बारा अडते. आणि पत्रावर नाव संघाचं. दहा जणांनी दुर्लक्ष केलं. कानपूरचे दोघे मात्र संघाचं निमंत्रण म्हणून रीतसर गाडीत बसून आले, येताना पेठ्याचे डबे घेऊन आले. त्यांची समजूत अशी की तळ्याकाठी बोलावलं आहे म्हणजे केळीच्या भावाची काहीतरी गुप्त बोलणी असणार. साहेबांना धावत मेहरूणला जावं लागलं. पाहुणे लिंबाखाली बसून भरीत खात होते, हिरव्या मिरचीने त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं, आणि प्रत्येक घासानंतर ते विचारत होते की बैठक कधी सुरू होणार. शेवटी साहेबांनी बाळाला त्यांच्या मांडीवर दिलं. भरीत मात्र फक्कड झालं होतं. मी दोनदा घेतलं.

साहेबांनी त्या दिवशी तेवढ्यावर सोडून दिलं. पण तसलीच आणखी दोन-तीन पत्रं गेली (ती कोणाची ते लिहीत नाही, त्यांतलं एक माझं होतं), आणि परवाच्या सोमवारी, बारा तारखेला, दुपारी साहेबांनी मला बोलावून सांगितलं की हा पोरखेळ आजच्या आज बंद करा, ज्यांचं काम नाही त्यांच्या परवानग्या काढून घ्या. मी यादीपुढे येऊन उभा राहिलो. एकेचाळीस नावं. काढून घ्यायच्या म्हणजे एकेकाच्या नावापुढे रेघ मारायची. सुपडूआबांच्या डोक्यावरची टोपी मी माझ्या हाताने उचलायची. मला ते जमेना. मी गार खोलीत गेलो आणि सुनंदाबाईंना विचारलं, एकेकाचं नाव न घेता सगळं बंद करता येतं का. त्या म्हणाल्या, काढून घ्यायचं तर एकेक नाव घ्यावं लागेल, पण सर्वांना मनाई एका ओळीत होते. यादी तशीच राहील, परवानग्याही तशाच राहतील, फक्त वर मनाई बसेल. नाना, मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! कोणाचं नाव घ्यायला नको, कोणाच्या तोंडाकडे बघायला नको. मी म्हणालो, करा, सर्वांना मनाई. त्यांनी हात थांबवला आणि विचारलं, "सर्वांना? भाऊ, म्हणजे खरंच सर्वांना?" मी जरा आवाज चढवून सांगितलं, हो, सर्वांना, एकही पत्र जायला नको. त्या आवाजाचं मलाच नवल वाटलं. माझा आवाज तसा नाही. तो कुठून आला हे मला त्या वेळी आठवलं नाही, आता आठवतं. त्यांनी टिपणी लिहिली, मी सही केली, त्यांनी एक ओळ टाइप केली आणि चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी तीन दिवसांच्या रजेवर त्या भुसावळला गेल्या.

त्या वेळी संध्याकाळचे पाच वाजले होते. सहाला रोजचं पत्र निघालं नाही. कसं निघणार? ते पत्र पाठवण्यासाठी सर्व्हरमध्ये एक वेगळं नाव केलेलं आहे, आणि सुनंदाबाईंनी माझ्या मानासाठी ते 'जावक' असंच ठेवलं आहे. सर्वांना मनाई म्हटल्यावर त्यात जावकही आलं. सर्व्हर बिचारा रोज सहाला पत्र लिहायला बसायचा, स्वतःचीच मनाई वाचायचा आणि गप्प बसायचा. सोमवारी गप्प, मंगळवारी गप्प, बुधवारी चौदा तारखेच्या सुट्टीला गप्प. दिल्लीवाल्यांनी धरलं की सुट्टीमुळे गाड्या भरल्या नसतील. आणि इकडे सावद्याहून सोमवारी भरलेल्या वॅगन गुरुवारी सकाळी दिल्लीत उभ्या, बंद दारं, आत हिरवी केळी, बाहेर ऊन, आणि उतरवून घ्यायला एक माणूस नाही.

गुरुवारी सकाळी दिल्लीहून फोन आला. साहेब उठून भिंतीपाशी गेले, यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाले, एकेचाळीस माणसांना पत्र पाठवायची परवानगी आहे आणि तीन दिवसांत या कचेरीतून एक पत्र गेलं नाही? सगळे खाली बघत होते. मीही बघत होतो, कारण मला तोवर कळलंच नव्हतं. मनाई केली होती ती भरीत-पुरीच्या पत्रांना, माझ्या समजुतीने. सुनंदाबाईंना भुसावळला शेजारच्या घरी फोन करून बोलावलं. मिळेल त्या गाडीने त्या दुपारपर्यंत आल्या, जयंतीसाठी नेलेली पांढरी साडी अंगावर, कपाळावर घाम. मी म्हणालो, आता काय काय करावं लागेल? एकेचाळीस परवानग्या पुन्हा द्याव्या लागतील का? त्या म्हणाल्या, नाही भाऊ, दिलेलं सगळं खाली शाबूत आहे, फक्त वरची मनाई उठवायची. आणि एक ओळ टाइप केली. एकच. अडलेली तीन दिवसांची पत्रं पाच मिनिटांत निघून गेली, नाशिकला हाक मारल्याचा तो किर्र आवाज सगळ्या कचेरीने उभं राहून ऐकला. दोन वॅगन पिकून पिवळ्या झाल्या, बाकीचा माल वाचला. मला चुकीबद्दल लेखी ज्ञापन मिळालं. सत्तावीस वर्षांतलं पहिलं. त्याला जावक क्रमांक मलाच घालावा लागला.

इथपर्यंत नाना तुम्ही हसला असाल, आणि ओट्यावरचं माणूसही तुमचं हसणं ऐकून जरा सैलावलं असेल. पुढचं मात्र मला कालपासून झोंबतं आहे. काल मी प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन माफी मागितली, आणि यादी आता चारच नावांची होणार आहे (पहिली तीन आणि सर्व्हरचं 'जावक'), तुमचं नाव निघणार, हेही ज्याचं त्याला तोंडावर सांगितलं. कोणीही रागावलं नाही. पण त्यांतल्या कित्येकांनी मला हळूच एक गोष्ट सांगितली, आणि सगळ्यांनी तीच सांगितली. मंगळवारी रुपचंदने पत्र पाठवून पाहिलं होतं, गेलं नाही. त्याला वाटलं, जावळाच्या भानगडीमुळे आपल्या एकट्याचंच नाव उडवलं. विचारायचं कोणाला, आणि उत्तर ऐकायचं कसं? मंजुळाबाईंना वाटलं, आपलं काही चुकलं असेल. गुरुवारी सकाळपर्यंत नऊ जणांना तो नकार आला होता, आणि नऊही जण आपापल्या टेबलाशी मान खाली घालून बसले होते, प्रत्येकाला वाटत होतं की घरात आपण एकटेच परके झालो. एकाने जरी उठून विचारलं असतं की तुझं जातं का रे, तर सगळं मंगळवारीच उघडं पडलं असतं. कोणी विचारलं नाही. भिंतीवर नाव असलेली माणसं, मुकी.

मी घरी आलो आणि जेवलो नाही. मला आपलं घर आठवलं. तुम्ही ओट्यावरून बोललात ते पंडितला बोलला नाहीत, आपल्या थोरल्या बहिणीला, अक्कांना बोलला नाहीत, वहिनींना बोलला नाहीत. एकेकाला बोलावून सांगितलं असतंत तर कोणीतरी हट्ट केला असता, कोणीतरी रडलं असतं, तुम्हाला एकेकाच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं. तुम्ही एका ओळीत सांगितलंत, या घरातून कागद जाणार नाही. आणि चाळीसगावला एक बाई वर्षानुवर्षं असं धरून बसली की एकेका भावाने, एकेका बहिणीने आपापल्या मनाने तिला टाकलं. आपण सगळे मुकाट बसलो, प्रत्येकाला वाटलं की इतरांना याचं काही वाटत नाही. तुमच्यावर मी रागावलो आहे असं समजू नका. (थोडा आहे.) पण नाना, या घरातून म्हटल्यावर त्यात तुम्हीही आलात. तुम्ही गावोगावच्या लोकांची पत्रं चौतीस वर्षं पोचवलीत. पहूरला होतात तेव्हा पुराच्या दिवसांत एका म्हातारीला लेकाचं पत्र वाचून दाखवायला कंबरभर पाण्यातून गेला होतात. ते तुम्ही. आणि स्वतःच्या बहिणीला दोन ओळी लिहायला तुम्हाला बंदी, ती घातली तुम्हीच, उठवणारं दुसरं कोणी नाही. सुनंदाबाईसुद्धा उठवू शकत नाहीत.

तर असं हे सर्व्हरचं प्रकरण. तुम्हाला आवडेल म्हणून सविस्तर कळवलं, दुसरा काही हेतू नाही. वहिनींना नमस्कार. उद्याच्या आखाजीला घागर भरताना वडिलांच्या नावाने माझ्याही वाटचं पाणी घाला. आंबा मी पुढच्या खेपेला आणतो.

तुमचा आज्ञाधारक (आणि आता ज्ञापनप्राप्त) धाकटा भाऊ,
पंडित

ता. क. आज्ञाधारक हा शब्द खोडावा असं वाटतं, पण मोठ्या अक्षरात खाडाखोड वाईट दिसते, म्हणून इथे लिहितो. पहिली सहा वर्षं मीही मुकाट होतो, पण गेली पंधरा वर्षं मी द्रौपदाला पत्र लिहितो आहे. संघाच्या जावक वहीत महिन्यातून एकदा 'चाळीसगाव, किरकोळ' अशी नोंद सापडेल, ती तीच. (तिकीट माझं स्वतःचं, तुम्ही आधी तेच विचाराल.) तिचं उत्तर कचेरीच्या पत्त्यावर येतं. प्रत्येक पत्रात ती शेवटी एकच विचारते, नानांची तब्येत कशी आहे.

ता. क. २. तिची मुलगी सुगंधा. तुम्ही पाहिलेली नाही. नाक थेट आपल्या आईचं आहे. दोन मेला तिचं लग्न आहे, चाळीसगावलाच. मुलीला मांडवात मामाने आणायचं असतं. मी आहे, मी आणीनही, पण पोरीने लहानपणापासून आईकडून ऐकलेला मामा मी नव्हे. मोठा मामा येणार असला तर धाकट्याने मागे उभं राहायचं, असं तिने मला स्पष्ट सांगितलं आहे. तुमच्या दारापासून चाळीसगावपर्यंत धुळ्याहून येणारी गाडी थेट जाते, मधे कुठे बदलावी लागत नाही. एकवीस वर्षं रोज जाते आहे.

ता. क. ३. वहिनींवर रागावू नका. त्यांनी मला सांगितलं आहे. दर भाऊबीजेला तुम्ही एक अंतर्देशीय आणता, त्यावर चाळीसगावचा पत्ता घालता, दार लावून तासभर बसता आणि ते ट्रंकेत ठेवता. एकवीस झाली. आत काय लिहिलं आहे ते वहिनींना माहीत नाही, त्या म्हणतात कोरीही असतील. कोरी असली तरी चालतील. पण आता त्यांवरचा दर जुना झाला, टपाल खातं ती घेणार नाही, हे मी तुम्हाला काय सांगावं. ती आता हातोहातच द्यावी लागतील.

ता. क. ४. आखाजीला लेकी माहेरी येतात. ओट्यावर बसलेल्या माणसाला मी सांगितलं आहे की नानांनी पत्र पूर्ण वाचेपर्यंत हाक मारायची नाही आणि आत यायचं नाही, कारण घर त्यांचं आहे आणि मनाई त्यांची आहे. ती हे पत्र घेऊन आमच्या घरून सकाळच्या पहिल्या गाडीने निघाली असेल. पत्र माझ्याच्याने आटोपतं झालं नाही. नाना, तुमच्या ओट्यावर दहानंतर ऊन येतं. उठा, तिला आत घ्या.